डॉक्टरांची ऑर्डर : प्रमाणभाषेचा एक वेगळा धडा

(इंदूर येथे मराठीचे शिक्षक, लेखक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



मराठीच्या व्यासपीठावर मी आज रुग्णालयातल्या संगणकात डॉक्टर जी ऑर्डर लिहितात तिच्याविषयी बोलणार आहे. विषय कळल्यावर दोघातिघांनी मला विचारले, "हे आपल्या खात्यातले आहे का?" मी हा विषय हौसेने घेतलेला नाही. तो घरात चालून आला. तेव्हा आधी घरचे सांगते.

गेल्या वर्षी माझ्या आईच्या खुब्याचे ऑपरेशन झाले. आई ब्याऐंशी वर्षांची, निवृत्त शिक्षिका. घरी सोडताना रुग्णालयाने आमच्या हातात संगणकातून छापलेला स्वच्छ कागद दिला. डॉक्टरांच्या अक्षराची तक्रार करायला जागाच नव्हती. औषधाचे मूळ नाव मोठ्या अक्षरांत, पुढे मात्रा, पुढे वेळा, पुढे दिवस. एका वेदनाशामक गोळीपुढे मात्र तीनच अक्षरे होती : एस.ओ.एस. चौथ्या दिवशी सकाळी आईचा चेहरा पाहून मला कळले की ती रात्रीची झोपलेलीच नाही. मी विचारले, "दुखत होतं तर गोळी का नाही घेतलीस?" ती म्हणाली, "अगं, ती एस.ओ.एस.ची आहे. जहाज बुडायला लागलं की पाठवतात तो संदेश. माझं नुसतं दुखतच तर होतं."

एस.ओ.एस. ही 'सी ओपुस सित' या लॅटिन शब्दसमूहाची आद्याक्षरे आहेत. अर्थ साधा, 'गरज पडल्यास'. आई चाळीस वर्षे मुलांना कठीण शब्दांचे अर्थ विचारत आली, आणि त्या तीन अक्षरांपायी तिने तीन रात्री बसून काढल्या. यात चूक कुणाची? डॉक्टरांनी योग्य औषध योग्य प्रमाणात लिहिले होते. संगणकाने जसे लिहिले तसे छापले. औषधाच्या दुकानदाराने नेमकी तीच गोळी दिली. आईनेही वाचले ते स्वतःला ठाऊक असलेल्या अर्थानेच. सगळे आपापल्या जागी बरोबर होते, तरी अर्थ पोहोचला नाही. अर्थ वाटेत कुठे सांडतो हे शोधणे तर आपल्याच खात्यातले काम आहे, असे वाटून मी या विषयाच्या मागे लागले.

प्रथम 'ऑर्डर' म्हणजे काय ते पाहू. रुग्णालयात डॉक्टर जे लिहितात ते वर्णन नसते, ते आज्ञार्थी वाक्य असते. त्या वाक्यावर परिचारिका, औषध देणारा, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, अगदी स्वयंपाकघरातला माणूससुद्धा कामाला लागतो. चिठ्ठीच्या माथ्यावर आपण जे 'आर-एक्स'सारखे चिन्ह पाहतो ते 'रेसिपे' या लॅटिन क्रियापदाचे रूप मानले जाते. अर्थ आहे 'घे'. म्हणजे प्रत्येक चिठ्ठीची सुरुवात आज्ञार्थाने होते. पुढे कोणते औषध, किती, कोणत्या एककात, कोणत्या वाटेने, किती वेळा, किती दिवस आणि कशासाठी, एवढी पदे भरली की वाक्य पुरे होते.

लॅटिन आले कुठून, तर एके काळी तीच युरोपातल्या वैद्यकाची प्रमाणभाषा होती. एका देशातल्या वैद्याची चिठ्ठी दुसऱ्या देशातल्या औषधविक्याला वाचता येई. भाषा मागे पडली, आद्याक्षरे मात्र राहिली. ज्यांनी लॅटिनचा एक शब्दही शिकला नाही अशा लाखो हातांत ती फिरू लागली. आपल्याकडे 'ओ.डी.' लिहिले की दिवसातून एकदा. पण नेत्रतज्ज्ञांच्या जगात तीच अक्षरे लॅटिनमधून 'उजवा डोळा' या अर्थाने आली आहेत. 'एच.एस.' म्हणजे झोपतेवेळी, आणि काहींच्या लेखी निम्म्या ताकदीचे औषध.

अशी अनेकार्थता कवितेत आली तर आपण तिचे कौतुक करतो. रुग्णालयात तिची किंमत काय होते? १९९९ साली अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेचा 'टु एर इज ह्यूमन' हा अहवाल आला. उपचारांतल्या चुकांमुळे त्या देशातल्या रुग्णालयांत दरवर्षी ४४,००० ते ९८,००० माणसे दगावत असावीत असा त्याचा अंदाज होता. त्यातल्या सगळ्याच चुका लिहिण्या-वाचण्याच्या नव्हत्या, पण औषधांच्या चुकांत लेखनाचा वाटा मोठा होता. पुढे २००४ मध्ये तिथल्या जॉइंट कमिशन या मानांकन संस्थेने 'हे लिहू नका' अशी एक अधिकृत यादीच लागू केली. ती वाचताना मला शुद्धलेखनाच्या नियमांची आठवण झाली. युनिट या शब्दासाठी एकटे रोमन यू अक्षर लिहू नका, कारण दहाच्या आकड्यापुढे काढलेल्या यूचे तोंड वर मिटले की दहाचे शंभर होतात. रोज या अर्थाचे क्यू.डी. आणि दिवसाआड या अर्थाचे क्यू.ओ.डी. लिहू नका, पूर्ण शब्द लिहा. पूर्णांकानंतर टिंब देऊन शून्य लिहू नका, कारण टिंब पुसट झाले तर एकाचे दहा होतात. आणि अपूर्णांकात टिंबाआधीचे शून्य गाळू नका, कारण टिंब दिसले नाही तर अर्ध्याचे पाच होतात.

आपण अनुस्वाराच्या टिंबावरून वर्षानुवर्षे भांडलो. १९६२ साली महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनमान्य झाले आणि कितीतरी टिंबे कागदावरून गेली. कुणी हळहळले, कुणी सुटकेचा श्वास टाकला. जीव कुणाचाही गेला नाही. इथे टिंबावर जीव आहे. म्हणून वैद्यकातल्या प्रमाणीकरणाकडे मी अधिक आदराने पाहते.

यावर उपाय म्हणून संगणक आला. डॉक्टरने हाताने लिहायचेच नाही, पडद्यावरच्या यादीतून निवडायचे, ही कल्पना जुनी आहे. कॅलिफोर्नियातल्या एल कॅमिनो रुग्णालयात १९७०च्या दशकाच्या आरंभीच डॉक्टर प्रकाशलेखणीने पडद्यावरच्या ऑर्डरी निवडू लागले होते. १९९८ मध्ये बॉस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयातला अभ्यास प्रसिद्ध झाला. संगणकातून ऑर्डरी लिहायला लागल्यावर तिथल्या औषधांच्या गंभीर चुका निम्म्याहून अधिक घटल्या होत्या. अक्षर वाचता न येणे, मात्रा लिहायचीच राहणे, अशा चुका बंद झाल्या. हा लाभ खरा आहे, आणि मी पुढे जे बोलणार आहे ते संगणकाविरुद्ध आहे असा कुणी अर्थ घेऊ नये.

पण संगणकातही चूक होते, आणि ती नव्या जातीची असते. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयात एक घटना घडली. तिथलेच प्राध्यापक डॉ. रॉबर्ट वॉक्टर यांनी 'द डिजिटल डॉक्टर' या २०१५ च्या पुस्तकात ती तपशिलाने मांडली आहे. सोळा वर्षांचा एक मुलगा रोज दोन वेळा एक साधी प्रतिजैविकाची गोळी घेत असे. गोळीतल्या मुख्य घटकाची मात्रा १६० मिलिग्रॅम. मुलाचे वजन ३८.६ किलो होते. चाळीस किलोंच्या आतल्या रुग्णाची मात्रा वजनाच्या हिशेबाने लिहायची, असा तिथला नियम. त्या हिशेबाने आकडा आला १९३. तेवढ्याची गोळी मिळत नाही, म्हणून औषध विभागाने डॉक्टरांना कळवले की ऑर्डर १६० ची करा. डॉक्टरांनी १६० लिहिले. त्यांच्या मनात होते १६० मिलिग्रॅम. पण शेजारच्या रकान्यात एकक आधीपासून होते 'मिलिग्रॅम दर किलोला'. संगणकाने १६० ला ३८.६ ने गुणले आणि ६,१७६ मिलिग्रॅमची, म्हणजे साडेअडतीस गोळ्यांची ऑर्डर तयार केली.

पडद्यावर इशारा आला. असे इशारे दिवसभर येतच असतात. डॉक्टरांनी तो बाजूला सारला, औषध तपासणाऱ्यानेही सारला. यंत्रमानवाने गोळ्या मोजून बांधल्या. परिचारिकेला इतक्या गोळ्या विचित्र वाटल्या, पण तिने पाकिटावरची पट्टी यंत्राला दाखवली आणि यंत्र म्हणाले, बरोबर आहे. मुलाने सगळ्या गोळ्या गिळल्या. काही तासांनी त्याला झटका आला. सुदैवाने तो वाचला.

आपल्या शास्त्रकारांनी वाक्यार्थबोधासाठी आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी अशा तीन गोष्टी आवश्यक मानल्या. एका पदाला दुसऱ्या पदाची अपेक्षा असणे ही आकांक्षा. पदे एकमेकांजवळ असणे ही सन्निधी. आणि पदांच्या अर्थांचा एकमेकांशी मेळ बसणे ही योग्यता. 'विस्तवाने शिंपतो' या वाक्यात पहिल्या दोन आहेत, योग्यता नाही. शिंपायला पाणी लागते. साडेअडतीस गोळ्यांची ती ऑर्डर या कसोटीला लावून पाहा. सगळे रकाने भरलेले होते, म्हणजे आकांक्षा पुरी. आकडा आणि एकक शेजारी शेजारी, म्हणजे सन्निधी पुरी. योग्यता मात्र नव्हती. पहिल्या दोन गोष्टी यंत्र बिनचूक तपासते. तिसरीबाबत ते फार तर घंटा वाजवते, आणि सारखी वाजणारी घंटा माणसाला ऐकू येईनाशी होते.

आणखी एक. आपण 'अध्याहृत' म्हणतो ती सोय माणसांच्या बोलण्यात असते. "एकशेसाठ करा" म्हटले की एकक अध्याहृत असते, ऐकणारा ते मनात भरतो. यंत्रही भरते, पण स्वतःच्या रकान्यातून. बोलणाऱ्याने गृहीत धरलेले आणि ऐकणाऱ्याने भरलेले यांत अंतर पडले की काय होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला भाषाविज्ञानाच्या पुस्तकात मिळाले नव्हते.

म्हणून आता यादीतली वाक्येच सुरक्षित रचण्यावर भर आहे. संधिवातावर मेथोट्रेक्सेट नावाचे औषध देतात. ते आठवड्यातून एकदा घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर तोंड सोलवटते, अस्थिमज्जेला इजा होते, आणि माणसे दगावलीही आहेत. औषधांच्या चुकांवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एका संस्थेने २०१४ मध्ये शिफारस केली की संगणकात या गोळीपुढे 'आठवड्यातून एकदा' हेच आधीपासून असावे, आणि 'रोज' हवे असेल तर कारण विचारले जावे. म्हणजे अध्याहृत काय असावे हेच विचार करून ठरवायचे.

नेहमीच्या आजारांसाठी अशा तयार वाक्यांचे संच करतात, त्यांना 'ऑर्डर सेट' म्हणतात. त्यांचे महत्त्व दोन शहरांच्या अनुभवातून कळते. पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयात ही व्यवस्था आणल्यानंतर बाहेरून हलवून आणलेल्या बालरुग्णांतले मृत्यूचे प्रमाण २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. अतिदक्षता विभागासाठी संच पुरेसे तयार नव्हते. शिवाय मूल दारात येऊन नोंद होईपर्यंत ऑर्डर लिहिताच येत नव्हती. पूर्वी रुग्णवाहिका वाटेत असतानाच तयारी सुरू होई. हेच सॉफ्टवेअर सिअ‍ॅटलमध्ये आधी संच रचून, पिट्सबर्गपासून धडा घेऊन बसवले, तेव्हा तशी वाढ झाली नाही. प्रमाणभाषा वरून लादली आणि वापरणाऱ्यांना सोबत घेऊन घडवली, यांतला फरक आपल्याला नवा नाही.

आता आपल्या देशाकडे येते. २०१६ मध्ये तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने औषधे मूळ नावाने, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या रोमन अक्षरांत लिहावीत असा नियम केला. केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंदींची मानके २०१३ मध्ये जाहीर केली आणि २०१६ मध्ये सुधारली. २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. या मानकांचे राष्ट्रीय साधनकेंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. आईच्या हाती आलेला तो स्वच्छ कागद या सगळ्या उद्योगाचे फळ आहे, हे मान्य केले पाहिजे.

या मानकांत स्नोमेड सीटी नावाचा एक संज्ञासंग्रह आहे. त्याची रचना प्रत्येक भाषाशिक्षकाने समजून घ्यावी अशी आहे. तिथे प्रमाण धरला आहे तो अर्थ, आणि त्या अर्थाला एक क्रमांक दिला आहे. २२२९८००६ हा क्रमांक एका विशिष्ट हृदयविकाराचा. तज्ज्ञांचे भारदस्त नाव आणि लोकांचे 'हार्ट अ‍ॅटॅक' ही दोन्ही त्याच क्रमांकाखाली नांदतात. दुसऱ्या भाषांतली नावेही तिथे जोडता येतात. एकाने 'हृदयविकाराचा झटका' म्हटले, दुसऱ्याने आणखी काही म्हटले, तरी खाली अर्थ एकच राहतो. आपण प्रमाणीकरण म्हटले की एक शब्द ठेवायचा आणि बाकीचे अशुद्ध ठरवायचे असे समजत आलो. इथे अर्थ पक्का बांधून शब्दांना मोकळे सोडले आहे. ऑर्डरींच्या देवाणघेवाणीसाठी जो साचा वापरतात त्यातही मात्रा, वेळा आणि 'गरज पडल्यास' यांचे वेगळे रकाने आहेत, आणि रुग्णाला सांगायच्या सूचनेसाठी वेगळी जागा आहे. ती जागा सहसा रिकामी राहते, किंवा तिथे इंग्रजीच येते.

माझे मुख्य म्हणणे या जागेविषयी आहे. ऑर्डरीचा प्रवास डॉक्टरपासून निघून यंत्र, औषधविक्रेता, परिचारिका असा होत रुग्णाच्या उशाशी संपतो. आधीच्या टप्प्यांवर जगभरच्या तज्ज्ञांनी कष्ट घेतले आहेत. शेवटचे वाक्य मात्र अजून कुणाचेच नाही. ते कधी दुकानदार पाकिटावर उभ्या रेघा मारून सांगतो, कधी जावई फोनवर सांगतो.

ते वाक्य मराठीत सांगणे वाटते तितके सोपे नाही. 'आठ दिवसांनी या' म्हणजे आपल्याकडे सात दिवसांनी, आणि 'पंधरा दिवसांनी' म्हणजे चौदा. आपल्याला हे सवयीने कळते. पण मेथोट्रेक्सेटची गोळी 'आठ दिवसांनी' म्हणून दिली तर कुणी आठ मोजेल, कुणी सात. 'दर रविवारी' म्हटले की संशय मिटतो. 'परवा' मागचाही असतो आणि पुढचाही. 'तिसऱ्या दिवशी' म्हणजे काहींना दिवसाआड, काहींना दोन दिवस सोडून. उलट 'दिवसाआड' हा शब्द पाहा. ज्या तीन अक्षरांवर बंदी घालावी लागली, त्यांचा अर्थ आपल्या या एका शब्दात निःसंदिग्ध बसतो.

आणखी एक उदाहरण घरचेच. आईची मधुमेहाची एक गोळी जेवणानंतरची आहे. एकादशीला दुपारी ती तशीच डबीत राहिलेली दिसली. आई म्हणाली, "आज जेवण कुठे? फराळ केला." साबुदाण्याची खिचडी, वर दोन केळी, तरी ते जेवण नव्हे, कारण मराठीत फराळ म्हणजे जेवण नाही. जगातल्या कोणत्याही संज्ञासंग्रहाला ही गोष्ट माहीत असण्याचे कारण नाही. आपल्याला ती माहीत आहे. 'दुपारी काही खाल्ल्यावर, उपास असला तरी काय करायचे ते डॉक्टरांना विचारून' असे वाक्य रचायला आपलाच हात लागेल.

आपल्या मध्य प्रदेशात २०२२ मध्ये वैद्यकाच्या पहिल्या वर्षाची तीन विषयांची पुस्तके हिंदीत आली. भावी डॉक्टरांच्या भाषेचा विचार सुरू झाला. रुग्णाच्या भाषेचा विचार त्याच्याबरोबर व्हायला हवा, आणि इंदूर, बेळगाव, गोवा, हैदराबाद अशा ठिकाणी तर अधिकच. इथल्या मराठी माणसाचा डॉक्टर एका भाषेत बोलतो, कागद दुसऱ्या भाषेत छापतो, दुकानदार तिसरी बोलतो, आणि मध्यरात्री दुखायला लागले की माणूस विचार मात्र मराठीतच करतो.

म्हणून या व्यासपीठावरून मी एक लहानशी सूचना करते. मोठा कोश नको. रुग्णांना नेहमी सांगाव्या लागणाऱ्या तीस-चाळीस सूचना निवडाव्यात : गरज पडल्यास, दिवसाआड, दर अमुक वारी, उपाशीपोटी, झोपताना, पूर्ण करा मध्येच थांबवू नका, अशा. प्रत्येकीचे मराठी वाक्य डॉक्टर, औषधविक्रेते आणि भाषाशिक्षक यांनी एकत्र बसून करावे. मग ते पाच-दहा वृद्धांना वाचायला द्यावे आणि "समजलं का?" असे न विचारता "आता तुम्ही काय कराल ते सांगा" असे म्हणावे. त्यांच्या उत्तरावरून वाक्य दुरुस्त करावे. बेळगावचे वाक्य इंदूरच्या वाक्यापेक्षा वेगळे निघाले तर निघू द्यावे, दोन्हींखाली अर्थाचा क्रमांक एकच राहील. आणि डॉक्टरांनी तपासल्याशिवाय एकही वाक्य बाहेर जाऊ नये, कारण औषधाच्या बाबतीत आपण भाषेवाले अडाणी आहोत. एम.ए.च्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून यापेक्षा चांगला विषय मला सुचत नाही.

आईचा कागद माझ्याजवळ अजून आहे. त्या तीन अक्षरांवर तिने स्वतःच लाल शाईने काट मारली आहे, आणि शेजारी वहीतल्या चुका सुधाराव्यात तसे वळणदार अक्षरात लिहिले आहे : 'दुखले तर घेणे. दिवसातून दोनच. डॉक्टरांना विचारले आहे.'